डबी आधी की कॉम्प्रेसर आधी

वाळू खैरनारच्या पायाला भिंगरी नव्हती, डोक्याला होती. सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूमच्या ग्राइंडिंग मशीनवर सोळा वर्षं काढलेला माणूस. हातातला जॉब केसाच्या दहाव्या भागाएवढा जरी वर-खाली निघाला तरी त्याला डबा गोड लागायचा नाही. त्याची बायको छाया म्हणायची, ह्यांना देवानं झोपसुद्धा मायक्रोमीटरनं मोजून दिली. तर असा हा वाळू सुट्टीच्या दिवशी एका अहिराणी ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचा. चौदा वर्षं वाजवत होता. बेस गिटार म्हणजे चार जाड तारांचं वाद्य. वाजत असताना कुणाचं लक्ष जात नाही आणि बंद पडलं की सगळ्यांना जेवणात मीठ नसल्यासारखं वाटतं.

सटाण्याच्या एका हळदीच्या कार्यक्रमात ह्या मिठावरूनच बोंब झाली. वाळू जीव तोडून वाजवत होता, पण समोर बसलेल्यांना बेस कधी धाडकन ऐकू यायचा तर कधी गायबच. नवरीच्या मामानं स्टेजवर येऊन विचारलं की तुमची ती मोठी गिटार बिघडली आहे का. झालं. परतीच्या गाडीत सुनील देवरे, जो ऑर्केस्ट्राचा मालकही होता आणि कीबोर्डही वाजवायचा, तो हसत हसत म्हणाला, की आजकाल बेस कीबोर्डवर डाव्या हातानंसुद्धा निघतो, आणि एकसारखा निघतो. तीन आठवड्यांनी नामपूरला कार्यक्रम आहे, त्याचं शूटिंग होऊन व्हिडिओ सगळीकडे जाणार आहे. तिथंही असंच वर-खाली झालं तर पुढच्या वेळेपासून वाळूभाऊंनी घरी आराम करावा. हसत सांगितलेलं जास्त लागतं. वाळू नाशिक येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिला आणि त्याला एकही गाव दिसलं नाही.

घरी आल्यावर त्यानं मोबाइलमध्ये डोकं घातलं ते चार दिवस वर काढलं नाही. शेवटी त्याला दोन गोष्टी समजल्या. पहिली, डीआय बॉक्स. ही मुठीएवढी लोखंडी डबी. गिटारचा आवाज वायरीतून नाजूक निघतो, लांबच्या मिक्सरपर्यंत जाता जाता मरगळतो आणि खरखर गोळा करतो. ही डबी त्याला सांभाळून नेते. तिला आत यायची वाट एक आणि बाहेर जायच्या दोन: एक मिक्सरकडे, म्हणजे पुढच्या मोठ्या स्पीकरकडे, आणि दुसरी स्टेजवरच्या आपल्या अ‍ॅम्पकडे. डबी त्याच्याकडे आधीपासून होती. दुसरी गोष्ट नव्हती, ती म्हणजे कॉम्प्रेसर. हे यंत्र जोरात पडलेला ठोका दाबतं, हळू पडलेला वर उचलतं आणि स्वर जरा लांबवतं. म्हणजे बोट कसंही पडो, आवाज सारखा. वाळूला वाटलं, अरे, हे तर आपलं ग्राइंडिंगच की. इतकी वर्षं आपण लोखंडाचे उंचवटे काढतोय आणि स्वतःच्या वाजवण्याला कधी हात लावला नाही.

त्यानं कॉम्प्रेसर मागवला आणि जोडणी केली ती कुठल्याही टूलरूमवाल्यानं केली असती तशीच. माल आत आला की पहिल्यांदा घासून घ्यायचा, मग पुढं पाठवायचा. गिटारमधून आवाज निघाला की थेट कॉम्प्रेसरमध्ये, तिथून डबीत, आणि डबीतून दोन्हीकडे. म्हणजे मिक्सरलाही गुळगुळीत माल आणि अ‍ॅम्पलाही. वर त्यानं कॉम्प्रेसरचं एकूण एक बटण टोकाला नेलं. ठोका पडला रे पडला की तिथल्या तिथं दाबायचा, केसभरही काही सुटता कामा नये. गिटार शिकवणारी पोरं मोबाइलवर सांगत होती की जपून वापरा, थोडंच दाबा. वाळू मनात म्हणाला, थोडं घासलेला जॉब क्वालिटीवाला परत पाठवतो, बाबांनो, तुम्हाला काय माहीत.

प्रॅक्टिस सुनीलच्या ओळखीच्या एका बंद वर्कशॉपच्या शेडमध्ये व्हायची. वाळूनं पहिल्याच गाण्याला वाजवलं आणि सुनीलनं कीबोर्डवरून मान वर केली. बेस असा सरळ, असा लांबलचक, जणू कुणी रंधा मारला होता. ढोलकीवाला बुद्धभूषण कधी कुणाचं कौतुक करायचा नाही, तोही म्हणाला की आज ठेका टेकायला भिंत मिळाली. वाळूच्या छातीवरून पोतं उतरल्यासारखं झालं. वाटलं, जिंकलो. आता काय करतो सुनील आपला डावा हात घेऊन.

मग वत्सलाबाईंचं गाणं आलं.

वत्सलाबाई साठीच्या पुढच्या. मूळच्या नामपूरकडच्याच, लग्नानंतर सातपूरला आलेल्या, आणि मोसम नदीच्या काठाकाठानं माहेरी निघालेल्या पोरीचं त्यांचं गाणं म्हणजे ऑर्केस्ट्राचं नाक. त्या गाण्याची एक खोड होती. दोन कडव्यांच्या मधलं वाजवणं किती लांबेल ते कधीच ठरलेलं नसायचं. खाली नाच रंगला तर सुनील तेच ते फिरवत ठेवायचा, कधी दोन मिनिटं, कधी पाच. नामपूरकडच्या बागलाणात सगळ्याच ऑर्केस्ट्रा पार्ट्या असं करतात. नाचणाऱ्याला मध्येच तोडलं तर लोक स्टेजवर चढतात. त्यामुळे बाईंनी पुन्हा कधी शिरायचं हे मोजून येत नाही, इशाऱ्यावर येतं. सगळे समजायचे की बाई सुनीलच्या हाताकडे बघून शिरतात. सुनीलही तसंच समजायचा.

त्या दिवशी पहिलं कडवं झालं, मधलं वाजवणं झालं, सुनीलनं हात केला आणि बाई शिरल्याच नाहीत. समोर बघत उभ्या. सुनीलनं पुन्हा एक फेरी फिरवली, पुन्हा हात केला. बाई आल्या त्या अर्ध्या ओळीनं उशिरा. तिसऱ्या कडव्याला तर त्या भलत्याच ठिकाणी घुसल्या आणि सगळ्यांची गाडी रुळावरून उतरली. सुनीलनं वाजवणं थांबवलं. बाईंनी पदर खोचला, वाळूच्या अ‍ॅम्पजवळ आल्या आणि त्याच्यावरच डाफरल्या.

“तू मला हाक मारणं बंद केलंस.”

वाळूला काही कळलं नाही. आपल्या चुकीचं खापर दुसऱ्याच्या डोक्यावर, असं वाटून तो थोडा रागावला पण. म्हातारं माणूस म्हणून वायरी गुंडाळायला लागला.

बाई गेल्यावर सुनील त्याला बाजूला घेऊन म्हणाला, की वाळूभाऊ, तुमचा प्रश्न मिटला, बेस एक नंबर. पण ताईंचं वय झालं. नामपूरला कॅमेऱ्यासमोर असं झालं तर शोभा होईल. देवळ्याची उज्वला म्हणून एक मुलगी आहे, चांगली गाते, तिला विचारून ठेवतो. ताईंना नामपूरला एक शेवटची संधी देऊ. त्यांचंच गाव आहे, तेवढा मान राखू. एकदा जरी चुकल्या तर मात्र विषय संपला. वाळूनं मान हलवली. घरी येताना त्याला आनंद व्हायला हवा होता, तो काही होईना.

त्या रात्री तो जेवला नाही, हे सांगायला नकोच. छायानं विचारलं की आता कसली कुसळं टोचतायत, बेस चांगला झाला ना. तो म्हणाला, झाला. मग. मग काही नाही. हाक मारणं बंद केलंस म्हणजे काय, हेच डोक्यात गरगरत होतं. चौदा वर्षांत त्यानं बाईंना स्टेजवर कधी हाक मारली नव्हती. दुसऱ्या दिवशी मशीनवर त्याचं लक्ष लागेना, एक जॉब वाया गेला, आणि सोळा वर्षांत पहिल्यांदा सुपरवायझरनं त्याला विचारलं की घरी सगळं ठीक आहे ना. शिफ्ट सुटल्यावर त्यानं मोटारसायकल घराकडे न वळवता बाईंच्या घराकडे घातली.

बाई ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. पाठ रस्त्याकडे. वाळूनं मावशी म्हणून हाक मारली, मग पुन्हा मारली, मग मोटारसायकलचा हॉर्न दिला. बाई आपल्या मेथी निवडतायत. त्यानं पुढं येऊन सावली पाडली तेव्हा त्यांनी वर पाहिलं आणि वाळूच्या चेहऱ्यावरच त्यांना दिसलं की याला कळलं. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. त्यांनी त्याला आत बोलावलं, दार लोटलं, आणि त्याच्या ओठांकडे बघत सगळं सांगितलं.

दोन वर्षं झाली होती. आधी पाखरं गेली, मग फोनची घंटी, मग सुनेचं बोलणं, मग कीबोर्ड. आता राहिला होता नुसता जाड आवाज: ट्रकचा, पिठाच्या गिरणीचा, आणि वाळूच्या बेसचा. मुलानं कानाचं मशीन आणून दिलं होतं, घरात ते बरं चालायचं, पण स्टेजवर घातलं की सगळे स्पीकर एकदम डोक्यात किंचाळायचे. म्हणून त्या बिनमशीनच्या गात होत्या. सुनीलच्या हाताकडे बघायचं तर प्रेक्षकांकडे पाठ होते, ते त्यांना पटत नव्हतं. त्या वाळूवर चालत होत्या. कारण बाईंनी शिरायच्या आधी वाळूचा एक ठोका दर वेळी दणकून पडायचा.

वाळूला हे स्वतःलाच माहीत नव्हतं. कधी लागली ही सवय कोण जाणे. त्यांचं गाणं यायचं म्हटलं की त्याचाच जीव भरून यायचा आणि बोट जोरात पडायचं. तोच उंचवटा. आणि तोच त्यानं घासून काढला होता.

“कुणाला सांगू नको,” बाई म्हणाल्या. “ऐकू न येणारी बाई गाते म्हटल्यावर लोक गाणं ऐकत नाहीत, कीव करत बसतात.”

त्यानं शब्द दिला. आणि दिला तेव्हाच त्याला समजलं की आपण दोन्हीकडून अडकलो. कॉम्प्रेसर ठेवला तर बाई जातात. काढला तर आपण जातो. आणि कॉम्प्रेसर का काढला हे सुनीलला सांगताही येत नाही.

पुढचे आठ दिवस वाळूनं घर डोक्यावर घेतलं. खाटेवर वायरी, दिवाणावर डबी, छायाच्या शिलाई मशीनवर सोल्डरिंग आयर्न. आधी त्याला वाटलं, कॉम्प्रेसरच सौम्य करावा. पण मग पत्र्याच्या शेडमध्ये बेस पुन्हा धाडधूड करणार आणि सुनील पुन्हा तो डावा हात दाखवणार. मग वाटलं, आपणच इतकं जोरात मारावं की दाबूनही उरेल. तसं केलं तर तार तुटली. छाया हे सगळं बघत होती. एका सकाळी ती चहाचा कप त्याच्यापुढं ठेवून म्हणाली, की दोन सुनांना एकाच पातेल्यातलं वाढायचा हट्ट कशाला, एकीला तिखट लागतं, एकीला फिक्कं. भाजी आधीच दोन भांड्यांत काढा आणि मग तिखट घाला. तिचा विषय तिच्या जावांचा होता. वाळू कप तसाच टाकून उठला.

डबी. डबीला बाहेर जायच्या वाटा दोन होत्या. तो येडा, घासायचं काम वाटा फुटायच्या आधी करत होता.

म्हणजे गिटार आधी थेट डबीत. डबीची एक वाट स्टेजवरच्या अ‍ॅम्पकडे, कच्ची, जशीच्या तशी, उंचवट्यांसकट, ती बाईंसाठी. दुसरी वाट मिक्सरकडे, आणि तिथं, मिक्सरवर, फक्त लोकांसाठी आणि कॅमेऱ्यासाठी कॉम्प्रेसर. मिक्सरच्या मागं एक भोक असतं, तिथून एकाच वाद्याचा आवाज बाहेर काढून यंत्रातून फिरवून परत आत घालता येतो. त्याला लागणारी दोन फाट्यांची वायर वाळूनं स्वतः जोडली, तीनदा तपासली, आणि त्या दिवशी तो दोन भाकऱ्या जास्त जेवला. प्रॅक्टिसला मिक्सर नसायचाच, म्हणून करून बघायचं ते थेट नामपूरला.

नामपूरचा कार्यक्रम कांदा मार्केटच्या शेडमध्ये होता. हमाल-मापाऱ्यांचा वार्षिक मेळावा, मार्केटला सुट्टी, वेळ दुपारी चारची. वर पत्रा, खाली फरशी, कोपऱ्याकोपऱ्यांत कांद्याची सालं, आणि अकराशे माणूस. साउंडवाला नामपूरचाच, पुंजा नावाचा, पंधरा वर्षं ह्याच धंद्यात. वाळू आपली दोन फाट्यांची वायर घेऊन त्याच्याकडे गेला आणि मिक्सरच्या मागं हात घालायला लागला, तसा पुंजानं तो हात धरला.

“हाऊ मना मिक्सर शे,” तो म्हणाला. “तुनं वर्कशॉप नही.”

वाळूनं समजावलं, विनवलं, आपलं आजोळ ताहाराबादचं आहे म्हणून ओळख काढली. कशानंच काम झालं नाही. शेवटी तो म्हणाला, की बिघडला तर माझी गिटार तुझी. पुंजानं गिटारकडे पाहिलं, वाळूकडे पाहिलं, आणि हा माणूस ऐकणारा नाही हे ओळखून बाजूला झाला. वायर बसली, आवाज नीट आला, पुढच्या स्पीकरमधून बेस रंधा मारल्यासारखा निघाला. पुंजाची भुवई जरा वर गेली, तेवढंच.

तेवढ्यात सुनील आला. त्यानं जोडणी बदललेली पाहिली आणि त्याचं टाळकं फिरलं. प्रॅक्टिसला चांगलं चाललेलं होतं ते कशाला उसकटलं, असं तो विचारत होता. त्यात कॅमेरावाल्यानं काडी टाकली की स्टेजवरच्या अ‍ॅम्पचा आवाज त्याच्या माइकमध्ये घुसतोय, तो बंदच ठेवा, पुढं बेस ऐकू येतोयच. सुनीलनं अ‍ॅम्पच्या बटणाकडे हात नेला. वाळू मध्ये उभा राहिला. चौदा वर्षांत तो मालकाला कधी नाही म्हणाला नव्हता.

“अ‍ॅम्प बंद झाला तर मी वाजवणार नाही, सुनीलभाऊ.”

कारण विचारलं तर सांगता येईना. तो नुसता उभा. समोर माइकवर मेळाव्याचा अध्यक्ष सत्काराची नावं वाचत होता, वेळ नव्हता. आजच्या दिवस कर, सुनील म्हणाला, उद्या बोलू आपण. उद्याच्या बोलण्यात काय असेल ते वाळूला न सांगता कळलं. त्यानं अ‍ॅम्प उचलून बाईंच्या पायांपासून दोन हातांवर आणून ठेवला.

बाईंचं गाणं सहावं होतं. पहिल्या सुरावटीलाच हमाल उठले. गावची बाई, गावची नदी, काय विचारता. मधलं वाजवणं सुरू झालं ते संपेना. टोप्या उडाल्या, एक म्हातारा मापारी दुसऱ्याच्या खांद्यावर चढला, सुनील फिरवतोय, फिरवतोय, आणि बाई आपल्या शांतपणे समोर बघत उभ्या. आता तो ठोका मुद्दाम मारायचा होता, आणि जे इतकी वर्षं आपोआप झालं ते मुद्दाम करताना माणूस पायरी चुकतो. सुनीलनं हात केला. वाळूनं डोळे मिटून मारला.

बाई शिरल्या. सुतासारख्या सरळ, जागच्या जागी. दुसऱ्या कडव्याला शिरल्या, तिसऱ्याला शिरल्या, चौथ्याला तर सुनीलनं पाच मिनिटं वाजवत ठेवलं तरी शिरल्या. वाळूच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि हात मोकळे नव्हते म्हणून ते तसंच वाहिलं.

गाणं संपल्यावर शेड कोसळतं की काय असं झालं. उरलेले दोन नंबर कुणी ऐकलेच नाहीत. कार्यक्रम आटोपला, सहा वाजले, माणसं पांगली, आणि हमालांपैकी चारजण फरशी झाडायला लागले. सुनील कानाला हेडफोन लावून शूटिंग ऐकत बसला होता. वाळू जवळ गेला तसा त्यानं एक बाजू काढून वाळूच्या कानाला लावली. बेस लख्ख, एकसारखा. वाळू खूश होणार एवढ्यात चौथं कडवं आलं. बाईंचा सूर पहिल्याच ओळीत जरा खाली होता, दुसऱ्या ओळीत आणखी, आणि शेवटी तर कीबोर्डच्या एका पूर्ण पट्टीनं घसरलेला. स्टेजवर वाळूला ते समजलंच नव्हतं. तो नुसत्या जागा मोजत बसला होता. सुनील म्हणाला, की जागा एकही चुकल्या नाहीत म्हणून मी बोलणार नव्हतो, पण सूर गेला तर गाणं गेलं, वाळूभाऊ. उज्वलाला मी हो सांगून टाकतो.

वाळूला वाटलं, आपण सगळं केलं आणि नेमकं तेच राहिलं. तो तिथून उठला तर बाई अ‍ॅम्पवर बसलेल्या, गुळाचा चहा पीत. त्यांनी त्याला जवळ बोलावलं आणि त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

“सगळे छान म्हणतायत. मला माझाच आवाज ऐकू येत नाही. तू खरं सांग.”

छान म्हणणं किती सोपं होतं. चहा पिऊन त्या आनंदानं घरी गेल्या असत्या आणि चार दिवसांनी सुनीलचा फोन आला असता. पण जी बाई आपल्या एका ठोक्यावर अकराशे माणसांपुढं डोळे झाकून उडी मारते, तिच्याशी खोटं कसं बोलायचं. त्यानं सांगितलं, मोठ्यानं, सावकाश, ओठ दिसतील असं: शेवटच्या कडव्यात सूर उतरला. किती, असं त्यांनी विचारलं. एक पट्टी, तो म्हणाला. बाईंनी कप खाली ठेवला. मग त्या उठल्या, वाळूच्या दंडाला धरून सुनीलपुढं जाऊन उभ्या राहिल्या, आणि जे दोन वर्षं घराबाहेर कुणाला कळू दिलं नव्हतं ते स्वतःच्या तोंडानं बोलल्या.

“सुनील, मला ऐकू येत नाही.”

सुनीलनं हेडफोन काढला. मग त्यानं वाळूकडे पाहिलं, अ‍ॅम्पकडे पाहिलं, वायरींकडे पाहिलं, आणि दुपारचं भांडण त्याला उलगडलं. त्याचा चेहरा पडला. तो माणूस वाईट नव्हता, घाईतला होता. पण ताई, तो म्हणाला, जागा वाळूभाऊ दाखवतील, सूर कोण दाखवणार. बाईंना ते समजलं नाही. वाळूनं त्यांच्याकडे तोंड करून तेच पुन्हा विचारलं. त्या म्हणाल्या, मला ह्याच्याच वाद्याचा सूर लागतो, दुसऱ्या कशाचा नाही. पण हा ठोका मारतो आणि सोडून देतो, मी सूर धरेपर्यंत तो विझलेला असतो.

वाळूच्या डोक्यात काहीतरी खट्कन बसलं. ठोका हवा, आणि मागं लांब टिकणारा सूरही हवा. सूर लांबवणारं यंत्र तर त्यानं बाईंच्या वाटेवरून काढून लोकांना देऊन टाकलं होतं. आणि ते बाईंच्या वाटेवर होतं तेव्हा ठोका मरत होता तो यंत्रामुळे नाही, वाळूच्या हावरेपणामुळे. पहिल्या क्षणालाच दाबायला लावलं होतं त्यानं. अरे, आधी रफ कट जाऊ द्यायचा, मग फिनिशिंग. सोळा वर्षांचा कारागीर तू, आणि हे विसरलास.

त्यानं पुंजाला हाक मारली, मिक्सरमागची वायर उपटली आणि फरशीवर बसकण मारली. गिटार आधी डबीत, ते तसंच. डबीतून अ‍ॅम्पकडे जाणाऱ्या वाटेवर आता कॉम्प्रेसर, पण हळू हाताचा: ठोका सुटू द्यायचा, बाईंपर्यंत पोचू द्यायचा, आणि तो गेल्यावर मागचा सूर धरून ठेवायचा. लोकांचं काय, असं सुनीलनं विचारलं. पुंजा म्हणाला, लोकांसाठी दाबायचं यंत्र त्याच्या गाडीत पडलेलं आहे, कुणी त्याला विचारलंच नव्हतं. वाळूनं त्याच्याकडे असं पाहिलं की पुंजा दोन पावलं मागं सरला.

मग वाळूनं एक ठोका मारला. तो दणकून पडला आणि त्याच्या मागून सूर निघाला तो शेडभर पसरून राहिला. बाईंनी अ‍ॅम्पवर तळवा ठेवला. चौथं कडवं म्हणायला लागल्या. पहिली ओळ खाली होती, तशीच, दुपारसारखी. वाळूनं पुन्हा तोच सूर मारला, धरून ठेवला, पुन्हा मारला. झाडणारे हमाल झाडू टेकून उभे राहिले. दुसऱ्या ओळीत बाईंचा आवाज वर सरकायला लागला, अंधारात भिंत चाचपत माणूस दाराशी येतो तसा, आणि तिसऱ्या ओळीला स्थिरावला. सुनीलनं कीबोर्डची एक पट्टी दाबून पाहिली. पट्टीचा सूर आणि बाईंचा सूर एकच होता.

त्यानं ती पट्टी बराच वेळ दाबून धरली. मग सोडली, खिशातून फोन काढला आणि उज्वलाचा नंबर शोधत शेडबाहेर गेला. जाता जाता म्हणाला, की तिला नाही म्हणून कळवतो, आणि पुढचा कार्यक्रम बारा दिवसांवर आहे, वाळूभाऊ, ह्या वायरींना आता हात लावू नका.